सात नंबरची स्टिक

प्रिय दावीद काका,

सलाम.

नगरच्या त्या पूल क्लबात मी गुडघ्यावर स्टिक मोडली, त्या क्षणाला माझं सगळं बदललं. कॉलेज आधीच सुटलं होतं, ऋतुजा आधीच गेली होती. पण तोवर माझ्याकडे तुम्ही होतात. तो कडकन आवाज झाला आणि तुमच्यासमोर उभं राहायची माझी जागाच गेली.

आज लिहायला बसलो, कारण सकाळी काकूंचा फोन आला. मार्थाकाकू मला कधी फोन करत नाहीत. म्हणाल्या, "सूरज, तुझी एक वस्तू हाय आमच्याकडं. येऊन घिऊन जा." मी तेव्हा जामखेडच्या स्टँडवरच उभा होतो. सुप्याहून पहाटेची गाडी पकडून आलेलो, आणि घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तुमच्यासाठी आलो नव्हतो, काका. तुमच्याशी खोटं बोलत नाही. आज ऋतुजाचं लग्न आहे. दुपारी बारा चाळीसचा मुहूर्त, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जे मंगल कार्यालय आहे ना, तिथेच. माझ्या मोबाईलमध्ये तिचा आणि माझा एक फोटो आहे, खर्ड्याच्या किल्ल्याच्या तटावरचा. तो मी नवऱ्या मुलाला दाखवणार होतो. मांडवात जायचं, त्याच्या हातात फोन द्यायचा आणि मागे उभं राहून त्याचं तोंड बघायचं. महिनाभर सुप्यातल्या खोलीत पडून मी एवढाच विचार केला.

आता अकरा वाजलेत. मी तुमच्या सुतारकामाच्या कारखान्यात बसलोय, तुमच्या स्टुलावर. काकूंनी संडे स्कूलच्या वहीतली पानं फाडून दिली. भुश्शाचा वास अजून तसाच आहे. काठ्या तशाच आढ्याला दोरीने टांगलेल्या, शेंडा वर, बुडखा खाली. खाली उभं राहिलं की त्या जरा जरा फिरतात. वारा नसला तरी फिरतात. त्या कशाने फिरतात, हे तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं.

आपली पहिली भेट आठवते का? बबनच्या पूल क्लबात तुम्ही दर गुरुवारी टिपा, म्हणजे स्टिकच्या टोकाच्या चामड्याच्या चकत्या, बदलायला यायचात. मी तेव्हा सेकंड इयरला होतो आणि कॉलेजपेक्षा क्लबात जास्त असायचो. मला वाटलं, आहेत कुणी म्हातारे सुतार. मी रुबाबात म्हणालो, "काका, ह्यातली सगळ्यात कडक स्टिक कुठली?"

तुम्ही वर न बघता विचारलंत, "कुणाला हाणायची हाय?"

सगळा क्लब हसला. मी चिडलो. तुम्ही हातातलं काम ठेवलंत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "हात दाखव."

मला वाटलं भविष्य सांगताय. तुम्ही माझा तळवा उजेडाकडे वळवलात. मधोमध नखांच्या चार खुणा उठलेल्या, लाल चंद्रकोरींसारख्या. "काठी धरतोस का कोंबडी?" तुम्ही म्हणालात. "सुटून चाललीय व्हय ती?"

नंतर कळलं की तुमची ही आयुष्यभराची सवय. तुम्ही कुऱ्हाडीचे, कुदळीचे, कोयत्याचे दांडे करायचात. ऊसतोडीला जाणारी माणसं निघायच्या आधी तुमच्याकडे यायची. तुम्ही दांडा बसवून द्यायचात, ओंडक्यावर दहा घाव घालायला लावायचात आणि मग म्हणायचात, हात दाखव. जिथे लाल झालं असेल तिथे दांडा अजून तासायचा. माप घ्यायला तुमच्याकडे टेप नव्हता, माणसाचा तळवा होता. क्लबच्या काठ्यांनाही तुम्ही तेच लावलंत.

आम्ही स्टिक म्हणायचो, तुम्ही शेवटपर्यंत काठीच म्हणालात.

ती दुपार तर मी विसरणारच नाही. इथेच, ह्याच फळीपाशी, तुम्ही माझ्या डोळ्यांवर काकूंची ओढणी बांधलीत. म्हणालात, "आता चार काठ्या देतो. बघायचं न्हाई, नुसतं सांगायचं." बुडखा डाव्या हातात धरायचा, उजव्या तळव्याने मधे हलकेच थापटी मारायची आणि शेंड्यापर्यंत काय जातंय ते ऐकायचं. हाताने ऐकायचं, असं तुम्ही म्हणालात. मला तेव्हा हसू आलं होतं.

पहिली ती काळी, फायबरची. थापटी मारली आणि काहीच नाही. नळाचा पाइप धरल्यासारखं. मी म्हणालो, "ही कडक आहे." तुम्ही म्हणालात, "कडक हाय, पर मुकी हाय. बॉल कसा लागला ते बॉलच सांगंल, ही न्हाई सांगायची."

दुसरी मेपलची, पुण्याच्या कुणीतरी दुरुस्तीला दिलेली. गुळगुळीत, हाताला रेषाच लागत नाही. थापटीचा आवाज बारीक आणि टणक, कप बशीवर ठेवल्यासारखा. आवडली मला. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात.

तिसरी बबनच्या क्लबची, सात नंबरची. ती मी लगेच ओळखली. ॲश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाची, पुढे जाड, धरली की तिथल्या तिथे उभी राहणारी. क्लबातल्या बाकीच्या स्टिक एस्टीच्या खिडकीसारख्या खडखडायच्या, ही नाही. थरथर हाताच्या जवळच विरायची, शेंड्यापर्यंत जायचीच नाही. "ही माझी," मी म्हणालो. तुम्ही विचारलंत, "का?" मी म्हणालो, "ही वाकत नाही."

चौथी हातात दिलीत आणि मी थापटी मारली, तर ती किती वेळ हलत राहिली. तीही ॲशचीच, पण पुढे बारीक. ज्वारीच्या धाटावर पाखरू बसून उडालं की धाट कसं हलतं, तशी. मी म्हणालो, "ही काय लेचीपेची? हिनं ब्रेक मारला तर हीच तुटायची."

तुम्ही आधी तिची थरथर संपू दिलीत. मग ती माझ्या हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "लेचीपेची न्हाई ती. बॉलच्या कडंला मारलं की कडक काठी बॉलला बाजूला रेटती. ही सवताच जरा बाजूला व्हती, बॉलला त्याच्या वाटंनं जाऊ देती."

मी ओढणी सोडली तेव्हा तुम्ही ती आढ्याला परत टांगत होतात. कुणाची आहे ते मी विचारलं नाही. मला माझ्या सात नंबरचीच पडली होती.

तुम्हाला ऋतुजाबद्दल पहिल्यांदा मी इथेच सांगितलं. खरं तर सांगण्यासारखं होतंच किती? ती वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. मला नोट्स द्यायची. कँटीनमध्ये अर्धा अर्धा चहा. एकदा सगळा ग्रुप मिळून खर्ड्याला गेलो, तेव्हा तटावर काढलेला तो फोटो. त्यात आम्ही दोघं आहोत, पण मधे एक हात अंतर आहे, आणि ती माझ्याकडे नाही, खाली गावाकडे बघतेय. मी त्या एका हाताच्या अंतरात दोन वर्षं राहिलो, काका.

मग एक पोरगा तिच्याबद्दल काहीतरी बोलला आणि मी त्याला कॉलेजच्या गेटवर धरून मारलं. दोन्ही घरांना बोलावणं गेलं. तिच्या वडिलांनी महिनाभर तिचं कॉलेज बंद केलं. परत आली तेव्हा ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. "सूरज, तुला मी आवडत नाही. तुला भांडण आवडतं."

त्यानंतर मी कॉलेज सोडलं. सगळ्यांना सांगत फिरलो की मला काढून टाकलं. कुणी काढलं नव्हतं. सरांनी तर दोनदा निरोप धाडला होता. तुम्हाला हे माहीत होतं ना? तुम्ही कधी पकडलं नाहीत मला. का नाही पकडलंत? एकदा कान पिरगाळून म्हणाला असतात, जा गप बाकावर बस, तर मी गेलो असतो कदाचित. कदाचित तुमच्याशीही भांडलो असतो.

त्या दिवसांत माझ्याशी दिवसातून चार वाक्यं बोलणारं एकच माणूस होतं. घरी आई-बाप शेतातून येऊन माझ्याकडे बघायचे आणि गप्प जेवायचे. मी सायकल काढून तुमच्याकडे यायचो. तुम्ही म्हणायचात, "आलास? दार हळू लाव." तुमच्या त्या दाराची बिजागरी खचलेली, जरा उचलून ओढावं लागतं, नाहीतर धाडकन आपटतं. मी रोज आपटायचो. तुम्ही रोज सांगायचात. दुसऱ्याला दांडे बसवून देणाऱ्या माणसाला स्वतःचं दार का दुरुस्त करता येत नाही, म्हणून मी चिडवायचो. तुम्ही म्हणायचात, "दार ठीक हाय. कोण आलं ते कळतंय त्याच्यामुळं."

नगरच्या स्पर्धेत माझं नाव तुम्हीच दिलंत. बबनने सात नंबरची स्टिक न्यायला दिली. आदल्या संध्याकाळी तुम्ही ती टिप बदलायला म्हणून घेऊन गेलात आणि सकाळी स्टँडवर कापडात गुंडाळून माझ्या हातात ठेवलीत. मी कापड सोडून बघितलं. बुडख्यावर सातचा कागद चिकटलेला. परत बांधली.

काका, तिथे मी काय खेळलो ते तुम्ही बघितलंत. चार गेम आधी जिंकेल तो पुढे. मी पहिले तीन सलग घेतले. असा मी आयुष्यात कधी खेळलो नव्हतो. पांढऱ्या बॉलला कडेला हलकं टेकवलं की तो जाईल म्हटलं तिथेच जायचा. हातात काहीतरी वेगळंच जिवंत लागत होतं, पण मला वाटलं, तो मीच आहे. तिसरा जिंकल्यावर मी तुमच्याकडे येऊन म्हणालो, "बघितलंत का काका? कडक ती कडकच."

तुम्ही मिशीत हसलात. म्हणालात, "व्हय. चांगली चाललीय."

मग मी फोन काढला. कशाला काढला? कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. तिचं स्टेटस दिसलं. हिरव्या बांगड्या, अंगठीचं बोट पुढे, शेजारी एक हसरा, साधा दिसणारा मुलगा. साखरपुडा.

पुढचे चार गेम मी कसे हरलो ते मला आठवतही नाही. शेवटच्याला काळा बॉल पॉकेटच्या ओठावर होता, फुंकर मारली तरी पडला असता. मी असा हाणला की तो आतल्या भिंतीवर आपटून परत टेबलावर आला. समोरच्याने तो सहज घातला. आणि मी स्टिक आडवी धरली आणि गुडघ्यावर मोडली.

मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही खाली बसलात. दोन तुकडे उचललेत, मग जमिनीवरच्या ढलप्या एकेक करून वेचल्यात, रुमालात बांधल्यात. उठताना गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "चल. एस्टी चुकंल."

गाडीत तुम्ही पुढे बसलात, मी सगळ्यात मागच्या बाकावर. तुमच्या मांडीवर ते दोन तुकडे, पोराला घेऊन बसल्यासारखे. कड्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तुम्ही दांडे धरत धरत मागे आलात आणि माझ्या शेजारी बसलात. मी खिडकीबाहेर बघत होतो.

"हात दाखव," तुम्ही म्हणालात.

माझ्या तळव्यात लाकडाची ढलपी घुसली होती, रक्त येत होतं. मी हात खिशात घातला.

"दाखव रं."

मी काढला नाही. आष्टी आली, गेली. मग उठून पुढे जाऊन बसलात.

जामखेडला मी मागच्या दारातून उतरलो आणि तुमच्याकडे न बघता निघून गेलो. ते आपलं शेवटचं. मला तेव्हा माहीत असतं की शेवटचं आहे, तर मी खिशातून हात काढला असता का? हा प्रश्न मला रोज पडतो. काढला असता असं ठामपणे म्हणवत नाही, आणि तेच जास्त लागतं.

आठवड्याने मी सुप्याच्या एमआयडीसीत कामाला लागलो. खोलीत आम्ही चौघं, चौघांची पाळी वेगळी. कुणी उठतो, कुणी त्याच गादीवर आडवा होतो. एकमेकांची नावं माहीत आहेत, आवाज नीट माहीत नाहीत. मशीनवर दिवसभर तोच एक लोखंडी तुकडा घालायचा, काढायचा. माझ्या हातात सारखं काहीतरी असतं, पण कशातूनच काही ऐकू येत नाही.

तुम्ही दोनदा फोन केलात. पहिल्यांदा मी कापला. दुसऱ्यांदा उचलला. "काठी झाली बरं का," तुम्ही म्हणालात. "जोड धरलाय. येऊन हात लावून बघ."

मी म्हणालो, "कामात आहे काका."

कसल्या कामात? पाण्याच्या टाकीच्या सावलीत एकटा बसलो होतो. सुट्टी होती, गुरुवार होता. तुम्हालाही ते कळलं असणार, कारण मागे पाखरं ओरडत होती, मशीन नाही. पण तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. काठी कुठं पळती." आणि ठेवलात.

तुम्ही गेल्याचं मला बबनच्या स्टेटसवरून कळलं. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी आलो होतो, काका. काकूंना हे आज सांगितलं. कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत आलो होतो. आत सगळे एकेक मूठ माती देत होते. मला वाटलं, ज्या हाताने त्यांच्यासमोर स्टिक मोडली, आणि मागितला तेव्हा दाखवला नाही, त्याच हाताने माती कशी द्यायची? फाटकाच्या बाहेरून परत गेलो. तुमच्या देवाला हे चाललं असेल का? काकू म्हणाल्या, "त्याचं सोड. तू फाटकातनं परत गेलास ते ह्यांना चाललं नसतं."

आज इथे आलो तर काकूंनी जुन्या पडद्याच्या कापडाची पिशवी हातात ठेवली. लांबोळकी, हाताने शिवलेली, तोंडाला नाडी. मी म्हणालो, "ही बबनची आहे ना? सात नंबरची. त्याला देऊन टाका."

"बुडखा बबनचा हाय," काकू म्हणाल्या. "पुढचा अर्धा ह्यांचा."

मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. सात नंबरचा पुढचा भाग वाकला होता. मे महिन्यात कुणीतरी ती दुपारभर क्लबच्या पत्र्याला टेकवून ठेवली होती. कुणीतरी म्हणजे मीच, काका. तुम्ही शंभरदा सांगितलेलं, काठी टांगायची, टेकवायची नाही, जामखेडचं ऊन तिला धनुष्य करतं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या लक्षात आलं. तेव्हा तुम्ही मधले आटे फिरवून तो वाकडा भाग काढलात आणि आढ्यावरची तुमची स्वतःची काठी उतरवलीत. ती, ज्वारीच्या धाटासारखी. तरुणपणी नगरला एका लष्करी मेसमध्ये बिलियर्डची टेबलं दुरुस्त करायला होतात, तिथल्या एका साहेबाने बदली होताना दिलेली. तिचा पुढचा अर्धा भाग तुम्ही सातच्या बुडख्याला बसवलात. आटे जुळत नव्हते, म्हणून रात्रभर घासत बसलात, असं काकू म्हणाल्या.

"त्याला सांगा तरी, म्हणलं मी," काकू सांगत होत्या. "तर म्हणाले, सांगितलं तर घ्यायचा न्हाई. मऊ हाय म्हणंल. सातचा कागद बघितला की गप घील."

आणि मी गप घेतली. डोळे बांधलेले असताना जी मी एका थापटीत ओळखली असती, ती डोळे उघडे असताना ओळखली नाही. कागदावर सात दिसला, बास. तिच्यावरच तीन गेम जिंकलो, आणि तुमच्या तोंडावर तुम्हाला सांगितलं की कडक ती कडकच. तेव्हा का बोलला नाहीत, काका? बस एवढंच म्हणायचं होतं, सुरज्या, ही माझी काठी आहे. मी ती मोडली नसती. खरंच नसती मोडली.

की हेही मी आत्ता म्हणतोय फक्त?

मी नाडी सोडली. मी मोडली तिथे तुम्ही धावड्याच्या लाकडाचा जोड दिलाय, कुऱ्हाडीच्या दांड्याचा धावडा. दोन्ही बाजूंनी लांब निमुळती पाचर, गडद रंगाची. लपवली नाहीत. ॲशच्या पांढऱ्या अंगावर ती लांबूनही दिसते.

काकू चहा टाकायला गेल्या. मी डोळे मिटले, बुडखा डाव्या हातात धरला आणि थापटी मारली.

पहिल्यांदा काही कळलं नाही, कारण बुडखा आवळून धरला होता. सैल धरून दुसऱ्यांदा मारली. थरथर निघाली, जोडापाशी येऊन जराशी अडली, घट्ट झाली, मला वाटलं विरली. मग पलीकडून परत निघाली आणि शेंड्यापर्यंत गेली. पहिल्यासारखी लांब नाही. आधीची ती हलकी थरथर आता नाही तिच्यात. सातसारखी ताठही नाही. ह्या दोन्हींच्या मधली अशी काठी मी कधी हातात धरली नव्हती. तुमच्या फळीवर तो जुना पांढरा बॉल ठेवला आणि कडेला हलकं टेकवलं. तो सरळ गेला, टोकाच्या लाकडाला लागून परत माझ्याकडे आला. पुन्हा टेकवला, पुन्हा आला. किती वेळ हे करत होतो कोण जाणे. काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या.

मग मी माझा हात बघितला. नखांच्या खुणा नव्हत्या, काका.

मी फोन बंद केला आणि काकूंना दिला. म्हणालो, "संध्याकाळी गाडीच्या वेळेला द्या. आधी मागितला तरी देऊ नका." फोटो पुसलेला नाही, तेवढं माझ्याने झालं नाही. काकूंनी फोन घेतला. पदराला पुसून तो पिठाच्या डब्याशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "लग्न कुणाचं हाय रे, एवढं वाजतंय?"

मी म्हणालो, "वर्गातल्या मुलीचं."

"जाणार न्हाईस?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कपात अजून थोडा चहा ओतला.

हे लिहितालिहिता साडेबारा वाजून गेले. मधे सनई थांबली होती, आता मंगलाष्टका चालू आहेत. स्पीकरवरून शब्द कळत नाहीत, नुसती चाल येतेय. मी पेन धरून बसलोय आणि पेन दाबतोय, हे लक्षात आलं. सैल धरलं. तो हसरा, साधा मुलगा आत्ता अंतरपाटाच्या पलीकडे उभा असेल. त्याने माझं काय वाकडं केलंय? तिने तरी काय केलंय? तिने मला नोट्स दिल्या होत्या.

वाजायला लागलं, काका. बँड, टाळ्या, सगळं एकदम. झालं.

मला वाटलं होतं ह्या क्षणाला मी कुणाच्या तरी अंगावर जाईन. मी नुसता बसलोय. आढ्याला काठ्या फिरताहेत. एवढं एकटं मला सुप्यातही कधी वाटलं नव्हतं. तुम्ही असता तर आत्ता काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, म्हणून जास्तच वाटतंय.

काकू म्हणाल्या, तुम्ही गेल्यापासून बबनच्या क्लबात कुणी टिपा बदलल्या नाहीत. पोरं गोटीसारख्या झालेल्या टिपांनी खेळतात, बॉल निसटला की टेबलाला शिव्या देतात. आज गुरुवार आहे. माझी सुट्टी गुरुवारीच असते. तुमची टिपांची डबी, सरस, ती छोटी कानस घेतोय. पिशवी खांद्याला लावलीय. आधी क्लब, मग संध्याकाळी गाडीच्या आधी कब्रस्तान. माती द्यायची राहिलीय.

तुम्हाला शब्द देतो. दर गुरुवारी येईन. टिपा बदलेन, आणि कुणी सगळ्यात कडक स्टिक मागितली तर आधी त्याचा हात बघेन. तुमची काठी कधी कशाला टेकवणार नाही. राग येणारच नाही, असा शब्द देत नाही, तो खोटा ठरेल. पण आला तर हात खिशात घालणार नाही. तुम्ही मागितला होता तसा उघडा करून बघेन आधी.

गल्लीच्या तोंडाशी डावीकडे कार्यालय आहे, उजवीकडे क्लब. मी उजवीकडे वळणार आहे.

पत्र तुमच्या फळीवर ठेवतोय, पांढऱ्या बॉलखाली. आता उठतो. दार जरा उचलून ओढतो, काका. आज तुम्हाला आवाज येणार नाही, पण मीच आलो होतो.

तुमचा,
सुरज्या